पाय धरणारा माणूस

डब्लिनबाहेर, ल्यूकनच्या त्या घरात राहायला गेल्यावर पहिले दोन महिने मला घरमालकांची भीती वाटायची. ते माझ्याहून जास्त घाबरलेले होते, हे कळायला बराच वेळ गेला.

त्यांचं नाव डोनल क्विर्क. नाव मी बदललंय. बाकी काही बदललं नाही.

मी डब्लिनमध्ये कायद्याचा प्रबंध लिहीत होते. विषय होता, तुरुंगात उपोषण करणाऱ्या सफ्रजेट बायकांना कायद्याने कसं वागवलं. मताचा हक्क मागणाऱ्या या बायका ब्रिटिश अमलात इथल्या तुरुंगांतही होत्या. युनिव्हर्सिटीजवळ खोली मिळाली नाही, म्हणून बसने तासभर लांब, एकसारख्या घरांच्या वसाहतीत मी डोनलच्या घरी वरची खोली घेतली. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बायको वारलेली, एकुलती मुलगी ऑन्या वॉटरफोर्डला. "मिस्टर क्विर्क नको, डोनल इज ग्रँड," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तोंडाने मी डोनल म्हणायला लागले, पण मनात त्यांना 'अरे' म्हणणं कधी जमलं नाही. स्नेहल हे माझं नाव त्यांच्या तोंडी 'स्नेल' झालं. इंग्रजीत त्याचा अर्थ जवळपास गोगलगाय होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"प्रेसमध्ये बिस्किटं आहेत," ते म्हणाले. मी इस्त्री शोधली. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या कपाटात बिस्किटांचे अकरा पुडे होते. एकट्या राहणाऱ्या माणसाला अकरा पुडे कशाला लागतात, असं तेव्हा वाटून गेलं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मी सकाळी खाली येईपर्यंत ते जिन्याखाली उभे असायचे. हातात पेपर, पण नजर पायऱ्यांवर. स्वयंपाकघराचं दार ते कधी लावू द्यायचे नाहीत, लाकडाची पाचर ठोकून उघडं ठेवायचे. बागेला पाणी घालायला झारी होती, रबरी नळी नव्हती. शेजाऱ्याने एकदा नळी आणून दिली, तर त्यांनी दोन बोटांनी उचलून ती कुंपणापलीकडे परत ठेवली. जेवताना समोरच्याने पहिला घास गिळल्याशिवाय ते स्वतः काटा उचलायचे नाहीत. गिळल्याशिवाय म्हणजे अगदी गिळल्याशिवाय. ते माझ्या गळ्याकडे बघत असायचे. एका सकाळी मी वरून येताना पाहिलं, ते कचऱ्याच्या डब्यात वाकून मी टाकलेलं अर्धं सफरचंद हातात घेऊन न्याहाळत होते. मला पाहून त्यांनी ते घाईने आत टाकलं आणि हवेबद्दल काहीतरी बोलले.

परक्या देशात, अनोळखी म्हाताऱ्याच्या घरात एकटी मुलगी. त्या दिवसापासून मी दाराची कडी लावायला लागले.

त्यातच नवरात्र आलं. मला व्हिसा मिळावा म्हणून आईने नवस बोलला होता, नऊ दिवस मी दूध आणि फळांवर राहीन असा. नवस तिचा आणि उपास माझा. पहिल्या संध्याकाळी डोनलनी बटाटे उकडून माझं ताट वाढलं होतं. मी सहज सांगितलं, "नऊ दिवस मी जेवणार नाही."

त्यांच्या हातातला डाव भांड्यात पडला. ताट उचलून ओव्हनमध्ये ठेवलं आणि पाठमोरे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर सूप होतं. तिसऱ्या दिवशी सूप आणि पाव. ते वर यायचे, जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबायचे आणि ऐकत राहायचे. ती पायरी कुरकुरते, म्हणून मला कळायचं. चौथ्या दिवशी मी कडी लावून दाराला खुर्चीही टेकवली. फरशीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तशी पायरी पुन्हा कुरकुरली आणि ते खाली गेले.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी दारावर टकटक केली.

"स्नेल, एकच विचारतो. तोंडाला वास यायला लागला का? नेलपॉलिशसारखा?"

मी पलंगावर बसले होते, तशीच गोठले. उपाशी माणसाच्या श्वासाला असा वास येतो, हे मी त्याच आठवड्यात तुरुंगाच्या कागदपत्रांत वाचलं होतं. या माणसाला ते कुठून माहीत?

"मी ठीक आहे," मी आतूनच म्हटलं.

"पाण्यात थोडं मीठ घे. नुसतं पाणी पिऊ नकोस, उलटी होईल." मग जरा वेळाने, "हे कुणाविरुद्ध आहे? युनिव्हर्सिटीने काही केलं का? की मी?"

त्या शेवटच्या दोन शब्दांनी मी खुर्ची बाजूला केली. ते जिन्यात उभे होते. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या मुठीत मीठ. ते बोटांतून गालिच्यावर सांडत होतं.

"कुणाविरुद्ध नाही. देवीसाठी आहे," मी म्हटलं.

"तिने काय केलं?"

मला हसू आवरेना. ते मात्र हसत नव्हते. मी त्यांना आत बोलावून टेबलावरचं दूध, केळी, खजूर दाखवले. त्यांनी एक केळं उचलून पाहिलं.

"केळं चालतं?"

"चालतं."

"मग जेवणार नाही असं का म्हणालीस?" असं म्हणून ते माझ्या खुर्चीत बसले, आणि ओंजळीत तोंड धरून किती तरी वेळ उठलेच नाहीत.

फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारा माणूस आहे ग, त्यांच्यासमोर बसून खात जा." उरलेले चार दिवस मी त्यांच्यासमोर बसून केळं खाल्लं. माझा घास उतरला की ते बटाट्याला हात लावायचे. माझी भीती गेली. पण तो नेलपॉलिशचा प्रश्न डोक्यातून जाईना. इंग्लंडमध्ये तरुणपणी 'हॉस्पिटलात' नोकरी केली, एवढंच ते सांगायचे. मीही खोदून विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात आमची चांगली गट्टी जमली. प्रबंधातल्या एका कायद्याला लोकांनी मांजर-उंदराचा कायदा असं टोपणनाव ठेवलं होतं. उपोषणाने बाई मरणाच्या दारात पोचली की सरकार तिला चिठ्ठी देऊन घरी सोडायचं. घरी खाऊनपिऊन ती धड झाली की पुन्हा पकडून आत टाकायचं. तिने पुन्हा अन्न सोडलं की पुन्हा सोडायचं. डोनल रोज संध्याकाळी विचारायचे, "आज मांजराने काय केलं?" चिठ्ठीवर सुटलेली एखादी बाई पोलिसांना चुकवून पसार झाली असं मी सांगितलं, की ते टेबलावर हळूच बोट वाजवायचे. "पळाली ना? छान."

एकदा मी त्या कायद्याला क्रूर म्हटलं. ते चमच्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "क्रूर खरा. पण कुणाला धरून ठेवावं लागत नव्हतं."

फेब्रुवारीत एका दुपारी मी बसमधून उतरून घरी आले, तर ते स्वयंपाकघरात माझ्या छापलेल्या पानांपुढे बसले होते. मीच ती टेबलावर विसरले होते. उघडं होतं ते प्रकरण जबरदस्तीने भरवण्यावर होतं. बाईला खुर्चीला किंवा खाटेला दाबून धरायचे, डॉक्टर नाकातून किंवा तोंडातून रबरी नळी पोटात सारायचा आणि वरून दूध-अंडं ओतायचं.

"तू चार जण लिहिलंयस," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

"हो. त्या बाईने तसं सांगितलंय."

"पाच लागतात. डोकं धरणारा मागे असतो, तो तिला दिसला नसेल." पान त्यांनी नीट सरळ केलं. "माझ्याकडे पाय होते."

मी ओव्हरकोट न काढताच बसले. त्यांनी जे सांगितलं ते असं. इंग्लंडमधलं ते हॉस्पिटल म्हणजे तुरुंगाचं हॉस्पिटल होतं. ते चोवीस वर्षांचे होते, तिथे कर्मचारी. त्यांच्याकडे एक आयरिश कैदी आला. काही राजकीय वगैरे नाही, बांधकामावरचा मजूर, चोरीत सापडलेला. त्याला लिव्हरपूलजवळच्या तुरुंगात बदली हवी होती, म्हणजे त्याची आई बोटीने येऊन त्याला भेटू शकली असती. अर्ज फेटाळला, तेव्हा त्याने अन्न सोडलं. डोनल आयरिश, म्हणून त्यांना मुद्दाम त्याच्याजवळ ठेवलं. आपल्या माणसाचं ऐकेल, अशी वरिष्ठांची कल्पना.

ते त्याचं नाव घेत नव्हते. 'युअर मॅन' म्हणत होते. आयर्लंडमध्ये नाव न घेता कुणाबद्दल बोलायचं तर असंच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण शब्दशः त्याचा अर्थ 'तुझा माणूस' असा होतो, आणि त्या दुपारी मला तो तसाच ऐकू येत होता.

"युअर मॅन शिव्या द्यायचा नाही. आम्ही पाच जण आत गेलो की माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, डोनल, आज नको. रोज तेवढंच. आज नको. एकोणीस दिवस."

"मग?"

"मग तो खायला लागला. बदली काही झाली नाही. त्याची आई गेली तेव्हा तो आमच्याकडेच होता."

आपल्याकडे पाय धरणं म्हणजे विनवणी करणं. तिथे तर विनवणी तो करत होता, आणि पाय यांनी धरले होते.

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ज्या देशात उपोषण करून मेलेल्यांचे फोटो लोक देवाच्या तसबिरीशेजारी लावतात, तिथे हे कुणाला सांगणार? समोरच्या घरातल्या म्हातारीचा चुलता तसाच गेला होता. ती दर रविवारी डोनलना केक पाठवायची. "तिला कळलं तर?" ते म्हणाले. "ऑन्याला कळलं तर?" दार उघडंच होतं, तरी ते कुजबुजत होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "आम्हाला सांगितलं होतं, तो मेला तर तुम्ही पिंजऱ्यात उभे राहाल. कायदा आहे. तू कायदा शिकतेस. खरं होतं का ते? मी नाही म्हटलं असतं तर मला शिक्षा झाली असती?"

त्या कायद्याचा उगम मला पाठ होता. जबरदस्तीने भरवलं म्हणून एका सफ्रजेटने मंत्र्यावर आणि तुरुंगवाल्यांवर खटला भरला होता. कैद्याचा जीव राखणं हे तुरुंगाचं कर्तव्यच आहे, असं न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं आणि ती हरली. तिच्या हरण्याचा धाक पुढे साठेक वर्षं कर्मचाऱ्यांना घातला गेला. वरच्या कोर्टात तो निकाल कधी नीट तपासला गेला नव्हता. डोनलनी नोकरी सोडल्यावर थोड्याच काळात तिकडे ती प्रथाच बंद झाली, आणि आता इथला कायदा तर सांगतो की समजून-उमजून नकार देणाऱ्या कैद्याला जबरदस्तीने भरवता येत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. तोंडी परीक्षेत सांगावं तसं, भराभर. आणि शेवटी म्हटलं, "बहुधा नाही. शिक्षा झाली नसती. फार तर नोकरी गेली असती."

ते मान हलवत राहिले. "फार तर नोकरी," ते म्हणाले.

त्या क्षणी मला कळलं की मी काय केलं. आपला इलाज नव्हता, या एका आधारावर तो माणूस पन्नास वर्षं उभा होता. तो आधार मी चहा निवायच्या आत काढून घेतला होता. मी घाईघाईने म्हटलं, "पण तुम्हाला ते कसं कळणार होतं? चोवीस वर्षांचे होता तुम्ही."

"तो एकवीसचा होता," ते म्हणाले, आणि कप विसळायला उठले.

त्यानंतर त्यांनी मांजराबद्दल कधी विचारलं नाही. वागणं तसंच प्रेमाचं राहिलं. माझ्या प्रबंधात त्यांचा उल्लेख मी एका ओळीतही केला नाही. ओळ लिहायला घेतली की हात थांबायचा. मी खरं बोलले होते, तरी आपण चूक केली असं वाटायचं, अजूनही वाटतं.

पुढे मला कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत कायदेविभागात नोकरी लागली आणि मी कॉर्कला गेले. निघताना त्यांनी बिस्किटांचे दोन पुडे माझ्या बॅगेत कोंबले. दर रविवारी फोन व्हायचा. पहिला प्रश्न, "जेवलीस?"

दीड वर्षाने फोन आला तो ऑन्याचा. डोनलना झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, त्यांचं बोलणं कुणाला समजत नव्हतं, गिळता येत नव्हतं. तिने त्यांना वॉटरफोर्डला, आपल्याजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं.

"नाकातून नळी घालायची आहे, अन्नासाठी. साधी गोष्ट आहे. ते हात झटकतात," ती म्हणाली. "काल तीनदा. नळीचा ट्रे दिसला की घाबरून भिंतीकडे सरकतात. त्यांना मरायचंय का? तुझ्याशी ते बोलायचे. तुला काही माहीत आहे?"

"मी येते," एवढंच मी म्हटलं. बसमध्ये दोन तास मी एकाच गोष्टीला घाबरत होते. ती मला समोरासमोर विचारेल, आणि मला खोटं बोलावं लागेल.

डोनल पलंगावर अर्धे टेकून बसले होते, अर्ध्यावर आले होते अंगाने. मला पाहून डावा हात हलला. डॉक्टर एक तरुण बाई होती. ती त्यांच्या उंचीला खाली बसली आणि एकेक शब्द सावकाश विचारायला लागली. नळी नसेल तर पोटात पुरेसं जाणार नाही, हे समजतंय? त्यांनी होकाराची मान हलवली. त्यामुळे जीव जाऊ शकतो, हे समजतंय? मान. तरी नको? मान.

"त्यांना समजतंय," डॉक्टर उठून ऑन्याला म्हणाली. "मी जबरदस्ती करू शकत नाही, करणारही नाही. गिळण्याच्या थेरपिस्ट म्हणाल्यात की घट्ट पदार्थ चमच्या-चमच्याने देऊन बघता येईल. पण त्यात धोका आहे. एखादा घास फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होईल."

ती गेल्यावर ऑन्या माझ्याकडे वळली. "हा तुझा कायदा? म्हणजे मी बघत बसायचं?"

मी डोनलकडे पाहिलं. सांगू का, असं डोळ्यांनीच विचारलं. त्यांनी जोरात मान हलवली. नाही. ऑन्या खिडकीशी जाऊन रडायला लागली. आवाज न करता, पण खांदे हलत होते. डोनल तिच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने लिहायला दिलेली पलंगावरची पाटी ओढली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहायला लागले. तीन शब्दांना त्यांना फार वेळ लागला. 'मी धरलं होतं.'

ऑन्याला अर्थ लागेना. त्यांनी ट्रेमधल्या नळीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

मी सांगितलं, त्यांच्यादेखत. तुरुंग, तो एकवीस वर्षांचा मुलगा, त्याची आई, पाच माणसं, एकोणीस दिवस. शिक्षेच्या धाकाचंही सांगितलं. तो धाक पोकळ होता, हे या वेळी नाही सांगितलं. डोनल पूर्ण वेळ छताकडे बघत होते.

ऑन्या पर्स न घेता खोलीबाहेर गेली.

पुढचा तासभर मी जी भीती पाहिली ती त्या जिन्यातही पाहिली नव्हती. डोनलची नजर दारावरून हलेना. बाहेर पावलं वाजली की डावा हात चादर मुठीत धरायचा. पावलं पुढे निघून गेली की मूठ सुटायची. मी म्हटलं, "पर्स इथेच आहे. येईल ती." त्यांनी मला ऐकलंच नाही. मलाही खात्री नव्हती.

ती आली. डोळे सुजलेले, हातात कस्टर्डची वाटी आणि छोटा चमचा. मागे नर्स होती, ती दाराशी थांबली. ऑन्याने खुर्ची ओढली, त्यांना नीट ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली केली. थेरपिस्टने शिकवलं असावं. चमचा अर्धाच भरला आणि ओठांपासून वीतभर दूर धरला.

"डॅड, हे हवंय का? नको असेल तर मी खाली ठेवते."

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.

घास आत गेला. आम्ही तिघी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. काहीच हललं नाही, मग गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि अडल्यासारखी झाली. ऑन्याने वाटी खाली ठेवली. नर्स एक पाऊल पुढे आली. घाटी खाली आली. खोकला आला नाही.

ते त्यानंतर अकरा आठवडे जगले, ऑन्याच्या घरी, असे चमच्या-चमच्याने. मला जाणं जमलं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, शेवटच्या बसला निघताना दारातून. वाटी अर्धी झाली होती. ऑन्या प्रत्येक वेळी विचारत होती, "अजून?" आणि ते प्रत्येक वेळी थोडं थांबून, नीट विचार करून, होकाराची मान हलवत होते.